ट्रेनर म्हणते ‘बेकन आनहेबन’ आणि मी बाजूवालीकडे बघते

या वेळचं पत्र जर्मनीतल्या श्टुटगार्टहून आलंय, थोडं कापून देतेय.

“ताई, मी ३२ वर्षांची, माहेर सांगली, लग्नानंतर इकडे आले. जर्मनची ए-टू पातळी पुण्यात केली, आता पुढच्या बी-वनचा क्लास चालू आहे. कंबर धरते म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तर घराजवळच्या फेराइनच्या (क्लबच्या) ऱ्युकनगिम्नास्टिकला म्हणजे पाठीच्या व्यायामाला नाव घातलं. बाकी सगळ्या पन्नाशी-साठीच्या बायका, स्वभावाने छान आहेत. पण ट्रेनर काय सांगते ते मला कळतच नाही हो. सगळ्या आडव्या झाल्या की मी आडवी होते, सगळ्यांनी पाय उचलला की मी उचलते, सारखं मान वळवून बाजूवालीकडे बघून आता मानच आखडलीये. नेटवरून व्यायामांच्या नावांची मोठी यादी काढून पाठ केली, क्नीबॉयगं, लीगंश्ट्युत्स, आउसफालश्रिट सगळं, पण ती ही नावं घेतच नाही! मागे गुडघा दुखत होता ते सांगायला गेले, वाक्य अर्ध्यात अडकलं, ती ‘आख झो’ (अच्छा) म्हणाली आणि पुढे गेली. नवरा म्हणतो सरळ इंग्लिशमध्ये बोल. काय करू? – सगळ्यांच्या एक पाऊल मागे”

अगं बाई, आधी ती यादी बाजूला ठेव. वाईट नाहीये ती, जिममध्ये वजनं उचलणाऱ्या पोरांमध्ये असतीस तर कामाला आली असती, तिथे खरंच बांकड्र्युकन आणि क्रॉइत्सहेबन अशीच भाषा चालते. पण तुझ्या क्लासला कोणी ‘आता अमुक व्यायाम करूया’ म्हणत नाही, तिथे शरीराचा कुठला भाग कुठून कुठे न्यायचा एवढंच सांगतात. म्हणजे तुला नावं नकोयत, तुला अवयव, क्रियापदं आणि ‘वर, खाली, बाजूला, मधे’ असले शब्द हवेत. आणि दुसरं म्हणजे, तू जर्मनकडे इंग्लिशच्या बोळातून चाललीयेस असं तुझ्या पत्रावरून वाटतं (अडकलेलं वाक्य तू पुढे लिहिलंयस ना, ‘इश बिन श्मेर्त्स...’, ते सरळ इंग्लिशमधून आलंय). मराठीतून गेलीस तर निम्मा रस्ता आधीच तुझ्या पायाखालचा आहे. कसा ते सांगते. जर्मन वाक्यं इथे मी देवनागरीतच लिहितेय, कानाला ओळखीची व्हावीत म्हणून, स्पेलिंग तुझ्या पुस्तकात आहेतच.

दुखण्यापासूनच सुरू करू, कारण तिथे घाई आहे. आपण ‘मला चक्कर येतेय’ म्हणतो, ‘मी चक्कर आहे’ म्हणत नाही. ‘मला थंडी वाजतेय’, ‘मला बरं वाटत नाही’, सगळीकडे ‘मला’. जर्मनमध्येही अगदी तेच, ‘मीअर इस्ट श्विंडलिश’, ‘मीअर इस्ट काल्ट’, ‘मीअर इस्ट श्लेश्ट’ (हे शेवटचं मळमळण्यासाठी). मीअर म्हणजे मला, संपलं. इंग्लिशमधून येणारी माणसं इथे ‘इश बिन काल्ट’ म्हणतात आणि त्याचा अर्थ भलताच निघतो. गुडघ्यासाठी ‘मीअर टूट डास क्नी वे’. आता पुढची गंमत बघ, ‘गुडघा वाकवताना दुखतो’ मधलं ते ‘-ताना’ आहे ना, त्याच्यासाठी जर्मनमध्ये ‘बाइम’ आहे. वाकवताना बाइम बॉयगन, उठताना बाइम आउफश्टेन, जिने चढताना बाइम ट्रेपनश्टाइगन. तर तुझं अडकलेलं वाक्य असं होतं: ‘बाइम बॉयगन टूट मीअर डास क्नी वे.’ एवढं एक वाक्य आलं की ट्रेनर पुढे जाऊच शकत नाही, ती थांबणार आणि विचारणार, कधीपासून? तर ‘झाइट त्स्वाय वोखन’, दोन आठवड्यांपासून. आणि ‘झाइट’बरोबर साधा वर्तमानकाळ लागतो, आपण ‘दोन आठवड्यांपासून दुखतोय’ म्हणतो तसाच.

कंबरेबाबत मात्र जपून. आपण कंबर दुखते म्हणतो तेव्हा हात मागे जातो, माकडहाडाच्या वर. डिक्शनरीत कंबर शोधलीस तर टाल्यं किंवा ह्युफ्टं मिळेल, आणि डॉक्टरला ‘ह्युफ्टं’ सांगितलंस तर तो मांडीचा खुबा तपासत बसेल, कारण ह्युफ्टं म्हणजे खुबा. आपल्या कंबरदुखीला ‘इम उंटरन ऱ्युकन’ म्हणायचं, किंवा सरळ ‘क्रॉइत्सश्मेर्त्सन’. एकदम उसण भरली तर तिला हेक्सनशुस म्हणतात. मान आखडलीये त्याला ‘माइन नाकन इस्ट फेरश्पांट’. पोटरीत गोळा आला तर वाडनक्राम्प्फ. पायाला मुंग्या आल्या तर ‘एस क्रिबल्ट इम फूस’. आणि दुसऱ्या दिवशी जे अंग मोडून येतं ते मुस्कलकाटर, ते चांगलं दुखणं, त्याच्यावर तुझ्या क्लासमधल्या बायका गप्पा मारत असतील, ‘इश हाबं मुस्कलकाटर!’ म्हणून तूही घुसू शकतेस. ट्रेनरने किंवा फिजिओने ‘हाबन झी बेश्वेर्डन?’ विचारलं तर ती तक्रार आहे का असं विचारत नाहीये, दुखतंय-खुपतंय का ते विचारतेय, घाबरून नाइन नाइन करू नकोस.

आता हात आणि पाय. हे मराठी माणसाचं खास दुखणं आहे, आपला हात खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हात आणि पाय खुब्यापासून अंगठ्यापर्यंत सगळा पाय. जर्मनमध्ये आर्म वेगळा, हांट वेगळा, बाइन वेगळा, फूस वेगळा. ट्रेनर ‘दी फ्युसं’ म्हणाली की पावलं आणि ‘दी बाइनं’ म्हणाली की अख्खे पाय. तू जर सगळ्याला फूस समजून बसलीस तर एक पाऊल मागेच राहणार. पण मजा म्हणजे तू राहतेस श्टुटगार्टला, आणि तिकडच्या श्वेबिश बोलीत फूस हा खुब्यापर्यंत जातो, आपल्या पायासारखाच! तुझ्या क्लासमधल्या म्हाताऱ्या बायका आपापसात बोलताना अख्ख्या पायाला फूस म्हणतील. त्याहून घोळ म्हणजे ‘हेबन’. पुस्तकात हेबन म्हणजे उचलणे, पण श्वेबिशमध्ये हेबन म्हणजे धरून ठेवणे, आणि उचलायला ते ‘लुप्फन’ म्हणतात. म्हणजे कोणी चटई पुढे करून ‘हेब माल’ म्हणालं तर ती धरायची, डोक्यावर उचलायची नाही. आणि तिकडे ‘श्प्रिंगन’ म्हणाले तर उडी नाही, पळायचं. ट्रेनर व्यायाम सांगताना बहुतेक पुस्तकी जर्मनच वापरेल, त्यामुळे परीक्षेत हे लिहू नकोस म्हणजे झालं.

बरं, आता तुझं बेकन. ‘बेकन आनहेबन’ म्हणजे पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, पावलं जमिनीवर ठेवून ढुंगण-कंबर वर उचलायची, आपलं सेतुबंधासन. बेकन म्हणजे कमरेचा तो हाडांचा कटोरा. घर शोधताना तू वाशबेकन शिकली असशील, तेही बेकनच, पण ते उचलायला कोणी सांगणार नाही.

या एका हुकुमात सगळं व्याकरण बसलंय, म्हणून जरा थांबते इथे. ट्रेनर एकच गोष्ट दोन प्रकारे सांगते आणि तुला त्या दोन वेगळ्या वाटतात. एकदा ती म्हणते ‘बेकन आनहेबन, हाल्टन, उंट आपलेगन’. एकदा म्हणते ‘हेप्ट डास बेकन आन’. पहिलं म्हणजे आपले पीटीचे सर म्हणायचे ना, ‘हात वर करायचे, धरायचे, सोडायचे’, तसंच, मूळ क्रियापद न बदलता तसंच म्हणायचं, हुकूम होतो. दुसरं म्हणजे ‘उचला’. आणि दुसऱ्यात ते ‘आन’ तुटून वाक्याच्या पार शेवटी जातं. हे तुटणारं शेपूट हाच तुझा खरा अडथळा आहे, कारण तू ‘हेप्ट’ ऐकतेस, डोकं ‘हेप्ट, हेप्ट’ करत बसतं आणि शेपूट येईपर्यंत बायका वर पोचलेल्या असतात. तर कानाला शेपटाची सवय लाव: आन म्हणजे आपल्याकडे, ताणून किंवा जरा वर, आप म्हणजे खाली ठेवून द्यायचं, आउस म्हणजे बाहेर, आइन म्हणजे आत, आउफ म्हणजे वर किंवा जमिनीवर टेकवून, त्सुझामन म्हणजे एकत्र. हे ढोबळ आहे, दर वेळी जमेलच असं नाही, पण क्लासमध्ये तरून जायला पुरतं. ‘आटमट आइन’ श्वास आत, ‘आटमट आउस’ श्वास बाहेर, ‘श्पांट डेन बाउख आन’ पोट घट्ट, ‘त्सीट दी शुल्टरब्लेटर त्सुझामन’ मागचे पंखे एकमेकांकडे ओढा, ‘श्टेल्ट दी फ्युसं ह्युफ्टब्राइट आउफ’ पावलं कमरेइतक्या अंतरावर टेकवा. एंटश्पानन मधलं ‘एंट’ आणि फेरश्पांट मधलं ‘फेर’ मात्र कधी तुटत नाहीत. ते ‘एंटश्पांट ऑइश’ ऐकू आलं की निवांत पडायचं.

आणि बघ, या कुठल्याच हुकुमात ‘तुमचं’ पोट, ‘तुमची’ पावलं असं येत नाही. आपणही ‘हात वर करा’ म्हणतो, ‘तुमचे हात वर करा’ कोण म्हणतं? जर्मनही नुसतं ‘डेन आर्म’, ‘डास बाइन’ म्हणतात. तू घरी ‘माइनन आर्म’ करत बसली असशील तर सोड ते.

सोबत तीन लिंगांचं लफडं आलंच, डेअर पुल्लिंगी, दी स्त्रीलिंगी, डास नपुंसक. आपल्याकडेही तीन आहेत म्हणून मराठी माणसाला यात नवल वाटत नाही, पण जुळतात थोडीच. छाती स्त्रीलिंगी तर दी ब्रुस्टही, टाच तशी दी फेर्झं, पोटरी तशी दी वाडं, मनगट नपुंसक तसं डास हांटगेलेंक, इथपर्यंत बरं चाललंय. मग ती पाठ आणि डेअर ऱ्युकन, ते पोट आणि डेअर बाउख, तो गुडघा आणि डास क्नी, तो खांदा आणि दी शुल्टर, सगळं उलटंपालटं. माझं मत विचारशील तर सगळे अवयव एकदम पाठ करू नकोस. फक्त ‘डेअर’वाले कर, कारण कर्म झालं की बदलतात तेवढेच, डेअरचं डेन होतं. कॉप्फ, हाल्स, नाकन, ऱ्युकन, बाउख, आर्म, एलबोगन, फिंगर, पो, ओबरशेंकल, फूस. हे सगळे पुरुष. यांना ‘डेन’ लाव, बाकीच्यांचं ‘दी’ आणि ‘डास’ तसंच राहतं.

आता जिथे मराठी अजिबात मदत करत नाही तिथे येऊ. ‘पाठीवर झोपा’ आणि ‘तुम्ही पाठीवर झोपलाय’, आपल्याला दोन्हीकडे ‘वर’ पुरतं. जर्मनमध्ये आडवं व्हायचं असेल तर ‘लेग्ट ऑइश आउफ डेन ऱ्युकन’ आणि आडवे झालेले असाल तर ‘ईअर लीग्ट आउफ डेम ऱ्युकन’. पुस्तकात हे ‘वेक्सलप्रेपोझित्सिओनन’ नावाने येतं, असे नऊ शब्द असतात, आन, आउफ, हिंटर, इन, नेबन, युबर, उंटर, फोर, त्सविशन. बी-वनच्या क्लासला त्यावर तक्ते भरायला लावतात आणि टेबलावर पुस्तक ठेव, भिंतीला चित्र लाव असलं करून घेतात. तुझ्याकडे त्याहून भारी गोष्ट आहे, सूर्यनमस्कार. सांगलीची पोर म्हणजे शाळेत घातलेच असणार, तुमच्याच बाजूच्या औंधच्या पंतप्रतिनिधींनी ते शाळाशाळांत पोचवले. क्रम तुला झोपेत येतो, म्हणजे डोक्याला क्रम आठवायचं काम नाही, सगळं लक्ष भाषेवर.

तर सकाळी चटई टाकून हळूहळू, एकेक स्थितीला थांबून मोठ्याने बोल. नमस्कार छातीपाशी, हात तिथेच आहेत, हलत नाहीत, म्हणून ‘इश हाल्टं दी हेंडं फोर डेअर ब्रुस्ट’. हात वर, ‘इश श्ट्रेकं दी आर्मं नाख ओबन’. मग वाकून हात पावलांशेजारी नेऊन ठेवायचे, आता हात कुठेतरी निघालेत, म्हणून ‘इश लेगं दी हेंडं नेबन दी फ्युसं’. ठेवून झाले? थांब आणि बोल, ‘दी हेंडं लीगन नेबन डेन फ्युसन’. बघ बदललं, दी चं डेन झालं आणि मागे एक न लागला. उजवा पाय मागे, ‘इश श्टेलं डास रेश्टं बाइन नाख हिंटन’, मग डावा, ‘डास लिंकं बाइन’. साष्टांगाला ‘इश लेगं दी क्नी, दी ब्रुस्ट उंट डास किन आउफ डेन बोडन’, टेकल्यावर ‘आउफ डेम बोडन’. भुजंगासनात ‘इश हेबं दी ब्रुस्ट आन’, शेपूट शेवटी गेलं. पर्वतासनात ‘इश शीबं डास गेझेस नाख ओबन’. मग पाय दोन हातांच्या मधे आणायचा, ‘इश श्टेलं डेन रेश्टन फूस त्सविशन दी हेंडं’, आणून झाला की ‘डेअर फूस श्टेट त्सविशन डेन हेंडन’. एका सूर्यनमस्कारात फोर, नेबन, आउफ, त्सविशन चारही झाले आणि फोर सोडला तर बाकीचे तिन्ही दोन्ही रूपांत. आणि लक्षात आलं का, निघालेल्या गोष्टीला लेगन आणि श्टेलन, पोचलेल्या गोष्टीला लीगन आणि श्टेन, ती जोडीही आपोआप बसते. (गुडघा बरा होईपर्यंत साष्टांगाला गुडघे अलगद टेकव, किंवा तेवढी स्थिती नुसती बोलून सोडून दे.)

फक्त ‘हालचाल असेल तर डेन, नसेल तर डेम’ असं घोकू नकोस, बरेच जण तसं सांगतात आणि मग क्लासमध्ये तोंडावर आपटायला होतं. ट्रेनर म्हणते ‘लाउफ्ट आउफ डेअर श्टेलं’, जागच्या जागी पळा. पळतोय तर खरं, घाम फुटलाय, पण कुठून कुठे जात नाही, म्हणून इथे स्थिर जागेचंच रूप लागतं, दी श्टेलंचं डेअर श्टेलं. ट्रेडमिलवर तासभर धावलीस तरी ‘आउफ डेम लाउफबांट’, कारण आहेस तिथेच. पण ‘उजव्या पायावर उभ्या राहा’ म्हणजे वजन त्या पायावर न्या, ‘श्टेल्ट ऑइश आउफ डास रेश्टं बाइन’. उभं राहिल्यावर मग ‘ह्युप्फ्ट आउफ डेम रेश्टन बाइन’, उड्या मारा पण त्याच पायावर. त्यामुळे स्वतःला एवढंच विचार, नवीन जागी निघालेय की आहे त्या जागी काहीतरी करतेय?

हाच न्याय ‘फीअरफ्युसलरश्टांट’ला. दचकू नकोस, हात आणि गुडघे टेकून गाईसारखं उभं राहायचं, एवढा मोठा शब्द त्यासाठी. ‘कॉम्ट इन डेन फीअरफ्युसलरश्टांट’ म्हणजे त्या स्थितीत या, ‘इम फीअरफ्युसलरश्टांट’ म्हणजे त्यात असताना. तिथे पाठ वर काढली की कात्सनबुकल आणि खाली सोडली की फेर्डंऱ्युकन, म्हणजे आपलं मार्जरासन, तुझ्या अंगाला ओळखीचं आहे. पाठीवरची स्थिती ऱ्युकनलागं, पोटावरची बाउखलागं, कुशीवरची झाइटनलागं.

आकडे मी शिकवत नाही, तुला येतात. ‘ड्राय झेट्सं मिट त्स्व्योल्फ वीडरहोलुंगन’ म्हणजे बाराचे तीन सेट. एकवीसच्या पुढे इंग्लिशवाले गडबडतात, कारण जर्मन आधी एकं बोलतात मग दशक, ड्रायउंटफिर्त्सिश, तीन आणि चाळीस. अगं पण त्रेचाळीसही तसंच आहे की! एकोणतीस, एकोणचाळीस असले सोडले तर मराठीतून मोज, चुकणार नाहीस.

भूतकाळाचं थोडक्यात. ‘आज काय केलंस’ विचारलं तर ‘इश हाबं ट्रेनिअर्ट’, यात ‘गे’ लावायचा नाही, जी क्रियापदं ‘ईरन’ने संपतात त्यांना तो लागत नाही. बाकी आनहेबनचं आनगेहोबन, आनश्पाननचं आनगेश्पांट, गे मधे जाऊन बसतो. धावलीस, पोहलीस तर हाबं नाही, ‘इश बिन गेलाउफन’, ‘इश बिन गेश्वोमन’. आणि जिमला गेले होते असं सांगताना ‘गिम्नाझिउम’ म्हणू नकोस, ती शाळा असते, लोक विचारतील कितवीत आहेस. ‘इन्स फिटनेसश्टूडिओ’.

तू आणि तुम्ही हा प्रश्न तू विचारला नाहीस पण तुला पडला असेलच. साठीच्या बाईला ‘डू’ कसं म्हणायचं? सांगलीत काकूंना अरेतुरे केलं तर आई कान उपटेल. पण खेळाच्या फेराइनमध्ये बहुतेक सगळीकडे सगळे एकमेकांना डूच म्हणतात, ट्रेनरलाही, आणि त्या तुला डू म्हणत असताना तू झी झी करत राहिलीस तर तू त्यांना लांब ठेवतेयस असं वाटतं. बिनधास्त डू म्हण. दुसरा घोळ म्हणजे आपलं ‘तुम्ही’ मानाचंही असतं आणि अनेकांसाठीही, जर्मनमध्ये हे दोन वेगळे आहेत. दहा मैत्रिणींशी बोलताना ‘ईअर’, डॉक्टरशी किंवा फिजिओशी ‘झी’. म्हणून क्लासमध्ये ‘लेग्ट ऑइश हिन’ ऐकशील, फिजिओकडे ‘लेगन झी झिश हिन’, आणि एकटीला ‘लेग डिश हिन’. तिन्ही म्हणजे आडवं व्हा, एवढंच.

तू ज्या प्रकारच्या फेराइनला जातेस ना, त्याची मुळं बघायला गेलं तर १८११ पर्यंत जातात, फ्रीडरिश लुडविग यान नावाच्या माणसाने बर्लिनच्या हाझनहाइडंत उघड्यावर व्यायामाचं मैदान सुरू केलं आणि पुढे गावोगाव टुर्नफेराइन, म्हणजे व्यायामाचे क्लब, निघाले. त्याच बर्लिनला १९३६ च्या ऑलिंपिकवेळी आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुलं जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आली होती. कॉफीच्या वेळी हे सांगून बघ, ‘मल्लखांब’ म्हणजे काय ते खांबावर हाताने दाखवत अर्ध्या तुटक्या जर्मनमध्ये समजावण्याइतका चांगला सराव दुसरा नाही. जर्मन बायका क्लासपेक्षा क्लासनंतर जास्त शिकवतात असं माझं मत आहे.

ऐकायच्या सरावासाठी बायरिशर रुंडफुंक या टीव्ही-रेडिओ संस्थेचा ‘टेलेगिम’ कार्यक्रम बघ, टीव्हीवर वर्षानुवर्षं चालू आहे, व्यायाम करणारे गप्प असतात आणि मागून एक आवाज सावकाश सूचना देतो. आधी चित्र न बघता नुसता आवाज लावून व्यायाम करायचा प्रयत्न कर, मग बघ कुठे चुकलीस. ट्रेनरचं बोलणं मोबाइलवर गुपचूप रेकॉर्ड करायचा विचार असेल तर मुळीच नको, जर्मनीत कोणाचं खासगी बोलणं न विचारता रेकॉर्ड करणं गुन्हा आहे. त्यापेक्षा ‘हास्ट डू आइन युबुंग्सब्लाट?’ विचार, पुष्कळांकडे व्यायामांचा छापील कागद असतो, त्यावर तुला सगळी क्रियापदं न तुटलेल्या रूपात मिळतील. आणि कंबर जास्तच त्रास देत असेल तर डॉक्टरकडे रेहाश्पोर्टबद्दल (दुखण्यातून सावरण्यासाठीच्या व्यायामवर्गाबद्दल) विचार, ते लिहून देतात आणि क्रांकनकासंने, म्हणजे आरोग्य विम्याने, मंजूर केलं की खर्च तीच उचलते. तिथले ग्रुप लहान असतात, ट्रेनर प्रत्येकीकडे बघतो, तुला बोलायलाही जास्त मिळेल.

नवऱ्याच्या सल्ल्याबद्दल. पाय मुरगळला, छातीत दुखलं, तर इंग्लिश काय मराठीत ओरडलीस तरी चालेल, तिथे व्याकरण बघायचं नाही. एरवी मात्र नको. त्या वयाच्या बायकांना तुझ्या इंग्लिशपुढे संकोच वाटेल आणि त्या तुझ्याशी बोलणंच कमी करतील.

पुढच्या क्लासला दहा मिनिटं आधी जा, चटई ट्रेनरच्या समोर पहिल्या रांगेत टाक (मागच्या रांगेत बसूनच मान आखडलीये तुझी), आणि सगळ्या यायच्या आत तिला सांग: ‘बाइम बॉयगन टूट मीअर डास क्नी वे. गिप्ट एस फ्युर मिश आइनं आंडरं युबुंग?’ वाकवताना गुडघा दुखतो, माझ्यासाठी दुसरा काही व्यायाम आहे का. कळलं नाही तर ‘कान्स्ट डू डास नोखमाल त्साइगन?’, परत दाखवतेस का. ती जे उत्तर देईल ते ऐकू आलं तसं देवनागरीत लिहून पाठव, श्वेबिश असलं तरी चालेल, आपण मिळून उलगडू.